गड्डम शेडची वायर

“मॅडम, तिन्ही डबे एकाच वेळी मेले तर त्या माणसाचं काय होतं?”

प्रश्न सभागृहाच्या शेवटून तिसऱ्या रांगेतून आला आणि दहावीच्या चारही तुकड्या मागं वळून बघायला लागल्या. उभी होती श्रीजा येमूल. तिच्या डाव्या हाताला भाग्यश्री बिराजदार ओढणीचं टोक तोंडात कोंबून हसू दाबत होती, कारण पैज तिचीच होती. पाहुण्यांना निरुत्तर करणारा एक प्रश्न विचारायचा, नाहीतर वर्षभर भाग्यश्रीच्या जीवशास्त्राच्या वहीतल्या सगळ्या आकृत्या श्रीजानं काढायच्या. उजवीकडे तरन्नुम शेख शहाण्यासारखी समोर बघत बसली होती. प्रश्न शोधून दिला होता तिनं.

गेल्या वर्षीपर्यंत श्रीजा हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात ‘हजर’ म्हणायची आणि मास्तर तिची गैरहजेरी लावून मोकळे व्हायचे. मग जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात मागाचं मॉडेल समजावून सांगताना तिला अचानक कळलं, की आपला आवाज चांगला खणखणीत आहे आणि माणसं तो ऐकून घेतात. तेव्हापासून तो आवाज बंद ठेवणं तिला फार जड जायला लागलं होतं.

पाहुण्या होत्या केळुसकर मॅडम, सोलापूरच्या गल्लीसाठ्याच्या मुख्य इंजिनिअर. त्या चिडल्या नाहीत. उलट व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून खाली आल्या.

“तुझ्या घरात डबा आहे?”

“आहे की. आमचे नाना जॉबर आहेत, व्यंकटेश येमूल.”

“येमूल मास्तरांची मुलगी होय.” मॅडम हसल्या. “मग ऐक. डब्यात काय असतं? जुना सेटटॉप बॉक्स, भंगारात गेलेल्या कॅमेऱ्याची डिस्क, शाळेतून टाकून दिलेला कॉम्प्युटर. स्वस्त माल. तो बिघडणारच. मोठ्या कंपन्यांचे साठे महाग झाले, आपल्या शहराला परवडेनात, तेव्हा आम्ही काय ठरवलं? कधीच न बिघडणारं एक भारी यंत्र घेण्यापेक्षा रोज बिघडणारी पाच हजार यंत्रं घेऊ. आणि बिघाड होणारच असं धरूनच बांधू.”

त्यांनी फळ्यावर तीन चौकोन काढले. प्रत्येक माणसाच्या फायलीच्या तीन प्रती. त्याचे आजार, औषधं, रेशन, शाळा, सगळं त्या फायलीत. तीन प्रती तीन वेगळ्या घरांतल्या तीन डब्यांत. प्रत्येक डबा दर सेकंदाला बाकीच्यांना एक ठोका पाठवतो, मी जिवंत आहे म्हणून. ठोका थांबला, की बाकीचे समजतात हा गेला, आणि उरलेल्या दोन प्रतींवरून तिसरी दुसरीकडे तयार करतात. कुणी सांगायला लागत नाही. साठा स्वतःच स्वतःला रफू करतो.

“एक डबा दोनशे तासांतला एक तास बंद असतो, असं धरू. मग तिन्ही एकदम बंद असण्याची शक्यता किती?”

“दोनशे गुणिले दोनशे गुणिले दोनशे,” तरन्नुम बसल्याजागी पुटपुटली.

“ऐंशी लाखात एक,” श्रीजा मोठ्यानं म्हणाली.

“बरोबर. अर्थात तिन्ही डब्यांचा एकमेकांशी काही संबंध नसेल तर. म्हणून तर आम्ही तिन्ही प्रती वेगवेगळ्या मीटरवर ठेवतो. एकाची लाइट गेली तर दुसऱ्याची चालू.”

“पण झालंच तर?”

“तर चोवीस तास साठा वाट बघतो. मग ती फाइल नव्हतीच असं धरून पुढं जातो, नंतर डबे चालू झाले तरी त्यांतली प्रत पुसून टाकतो. थांबून राहिला तर सगळ्या शहराचं काम अडेल ना.” त्यांनी खडू खाली ठेवला. “पण ऐंशी लाखात एक, बाळा. काळजी करू नकोस.”

आणि जाताना त्यांनी श्रीजाला डबामित्र करून टाकलं. डबामित्र म्हणजे शाळेतल्या मुलांपैकी एक, ज्याच्या टॅबवरून गल्लीतल्या फायली जिवंत आहेत का ते बघता येतं, आणि डब्याचा मीटर नंबर चुकला असेल तर तिथं जाऊन, मीटरचा फोटो काढून तो दुरुस्त करता येतो. श्रीजा घरी चालत गेली असं म्हणता येणार नाही. तिचे पाय जमिनीला मधूनमधूनच लागत होते.

*

नाना बावीस वर्षं यंत्रमागाचे जॉबर होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. शेडच्या दारात उभं राहून नुसत्या खडखडाटावरून ते सांगायचे, आतल्या रांगेतला तिसरा माग अडलाय, बघा. मग स्वतःचा बिघाड स्वतःच ऑफिसला कळवणारे माग आले आणि नाना घरी बसले. चार वर्षं. त्या चार वर्षांत चहाच्या टपरीवरसुद्धा कुणी त्यांना मास्तर म्हणून हाक मारली नाही.

मग गल्लीसाठा आला. पाच हजार बिघडणारे डबे सांभाळायला पाच हजार वेळा स्क्रू काढून बघणारी माणसं लागणार होती. नाना पहिल्याच दिवशी गेले. वर्षभरात शहराच्या पूर्व भागातल्या सगळ्या डबेवाल्यांना ते शिकवायला लागले, आणि लोक त्या नव्या धंद्यालाही जुन्याच नावानं, जॉबर म्हणूनच ओळखायला लागले. येमूल मास्तरांच्या हाताखालचा डबा बंद पडत नाही, असं सगळे म्हणायचे. घरचा डबा मार्कंडेयाच्या फोटोखालच्या फळीवर होता. अम्मा सकाळी फोटोला फूल वाहिलं, की एक पाकळी डब्यावरही ठेवायची.

डबा बंद पडत नव्हता, त्याला कारण होतं. घरची लाइट उन्हाळ्यात रोज दोन-तीन तास जायची. शेजारच्या गड्डम शेडची लाइन मात्र कारखान्यांच्या फीडरवरची, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळ्या काढलेल्या वाहिनीवरची, सवलतीची आणि न जाणारी. शेडमधून घरात एक वायर ओढून घेणं हे पूर्व भागात शेजारणीकडून विरजण आणण्याइतकं साधं. कुणी विचारत नाही, कुणी नाही म्हणत नाही. श्रीजा जन्मल्यापासून ती काळी वायर खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून आत येत होती. तिच्यावर चिमण्या बसायच्या.

*

बुधवारी दुपारी बाराला दहा मिनिटं कमी असताना गड्डम शेडबाहेरचा ट्रान्सफॉर्मर ठप्प झाला. अठ्ठेचाळीस माग एकदम थांबले. शाळेला सुट्टी होती, श्रीजा घरीच होती, आणि तिला आधी वाटलं आपले कान बिघडले. ज्या गल्लीत माणसं जन्मापासून ओरडूनच बोलतात, तिथं समोरच्या घरातली भांडी आवरल्याचा आवाज ऐकू यायला लागला. डब्यावरचा हिरवा दिवा विझला. चाळीस मिनिटांनी नवा फ्यूज बसला, माग सुरू झाले, दिवा लागला, आणि सगळे पुन्हा ओरडून बोलायला लागले.

संध्याकाळी नरसूअव्वा दारात आली. पलीकडच्या घरातली, एकटी राहणारी, चाळीस वर्षं विड्या वळून बोटं वाकडी झालेली म्हातारी. आठवड्यातून दोनदा तिचं डायलिसिस असायचं.

“पद्मा, आज मी मेलेय म्हणून सांगितलं बघ मला,” ती उंबऱ्यावर बसत म्हणाली.

“काय बोललालीस अव्वा?” अम्मा पदराला हात पुसत बाहेर आली.

“काऊंटरवरची पोरगी म्हणती, आजी, तुमच्या नावाचं कुणीच नाही. मी म्हटलं, नीट बघ की बाई, ही काय बसलेय समोर, खुर्चीत मावेना इतकी. ती म्हणती, मशीन नाही म्हणतंय. मग नवीन नाव घातलं माझं. अर्ध्या तासाचं बाळ झाले मी.” ती हसली आणि मग हसू मध्येच सोडून दिलं. “शांता सिस्टर होती म्हणून बरं. सुई भरून आणली होती दुसऱ्या पोरीनं. रक्त पातळ करायचं ते औषध मला चालत नाही, माहीत आहे ना तुला? मागं दिलं तेव्हा अंग सगळं निळं पडलेलं. सिस्टर लांबूनच म्हणाली, अगं हिला ते नको. तिनं ओळखलं मला. मशीननं नाही ओळखलं.”

“लाइनचा प्रॉब्लेम असणार,” नाना आतून म्हणाले. “शेडची लाइट गेलेली ना.”

त्यांनी ते सहज म्हटलं. श्रीजानं मात्र टॅब उचलला.

नरसूअव्वाची फाइल सापडली. नाव बरोबर. वय रिकामं. आजार रिकामे. ‘न चालणारी औषधं’ या रकान्यात ‘नाही’ असं लिहिलेलं. फाइल तयार झाल्याची वेळ, बुधवार, बारा वाजून पाच मिनिटं. आणि अगदी खाली बारीक अक्षरांत, आधीची नोंद जुनी असल्यामुळे बाद.

तिनं ते दोनदा वाचलं. लाइट आल्यावर तिन्ही जुन्या प्रती परत आल्या होत्या, पाच वर्षांचा सगळा इतिहास घेऊन. पण तोवर साठ्यात दुसरी नरसूअव्वा तयार झाली होती. दोघी समोरासमोर आल्या तेव्हा साठ्यानं त्याचा साधा नियम लावला. नंतरचं ते खरं. पाच वर्षांची अव्वा बाद झाली आणि अर्ध्या तासाची उरली.

दारात ती म्हातारी चहा बशीत ओतून फुंकत होती.

*

“तिन्ही डबे एकदम बंद पडले,” शुक्रवारी शाळा सुटल्यावर श्रीजा तरन्नुमला म्हणाली. “ऐंशी लाखात एकदा होणारी गोष्ट आमच्याच गल्लीत कशी होईल बे?”

तरन्नुम गणितात अशी होती, की तिला उदाहरण सुटलं नाही तर ती जेवत नसे. “अव्वाचे तीन डबे कुठं कुठं आहेत?”

टॅब म्हणत होता, बोल्लींचं घर, चिलवेरींचं घर, आणि येमूलांचं घर. तीन घरं, तीन मीटर नंबर.

त्या बोल्लींच्या घरी गेल्या. मीटर दारातच होता, नंबर बरोबर होता. डबा आतल्या खोलीत. तरन्नुमनं डब्याच्या पिनेला बोट लावलं आणि वायरीमागोमाग डोळे फिरवत गेली. भिंतीवरून वर, खिडकीच्या कोपऱ्यातून बाहेर, पत्र्यावरून, आणि रस्ता ओलांडून गड्डम शेडमध्ये. चिलवेरींच्या घरीही तेच. मग त्या गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि मान वर केली. श्रीजानं आयुष्यात पहिल्यांदा त्या काळ्या वायरी मोजल्या. चौदा घरांतून चौदा वायरी निघत होत्या आणि सगळ्या एकाच भिंतीत शिरत होत्या.

“हे तीन वेगळे डबे नव्हेत,” तरन्नुम म्हणाली. “एकच डबा आहे, तीन घरांत ठेवलेला.”

“म्हणजे ऐंशी लाखात एक नाही.”

“दोनशेत एक.” तरन्नुमनं दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “श्रीजा, डबा बसवतानाच्या फॉर्मवर सही कुणाची असते? वायर बघितली म्हणून?”

श्रीजा गड्डम शेडच्या मागच्या दाराकडे चालायला लागली. तिला माहीत होतं, आणि तरन्नुमलाही माहीत होतं.

*

नाना शेडच्या मागच्या खोलीत एक डबा उघडून बसले होते. चष्मा कपाळावर, दातांत स्क्रू. मागांच्या खडखडाटात श्रीजाला सगळं दोनदा सांगावं लागलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग दातांतला स्क्रू काढून हळूच झाकणात ठेवला.

“फॉर्मवर घराचा मीटर विचारलेला,” ते म्हणाले. “डबा कुठल्या वायरीवर चालतो, ते नाही विचारलं.”

“नाना.”

“घरच्या लाइटवर डबा टिकत नव्हता गं. रोज ठोका तुटायचा. मॅडम म्हणायच्या, येमूल, पूर्व भाग सगळ्यात मागं आहे. मी शेडला जोडला आणि महिन्यात पहिला नंबर आला.” त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. “सत्कार केला की माझा. तू होतीस.”

ती होती. टाळ्या वाजवून तिचे तळवे लाल झाले होते.

“अव्वाची जुनी फाइल मिळंल?”

“बाद नोंदी आठवडाभर डब्यात राहतात. काढतो मी उद्या.” त्यांनी भिंतीवर चिकटवलेल्या कागदाकडे हनुवटी केली. “पण ते बघ आधी.”

वीज खात्याची नोटीस होती. कारखान्यांच्या फीडरची जमिनीखालून केबल टाकणार, म्हणून सोमवारी सकाळी दहापासून चार दिवस पुरवठा बंद. शेडमालकांनी त्या बेतानं माल उरकून घेतला होता. डब्यांचा विचार कुणी केला नव्हता, कारण कागदावर एकही डबा त्या फीडरवर नव्हता.

श्रीजाच्या डोक्यात मॅडमचे चोवीस तास फिरायला लागले. चाळीस मिनिटांत एक अव्वा पुसली गेली होती. चार दिवसांत गल्लीतले सहाशे बारा. कुणाची साखर, कुणाचा पेसमेकर, कुणाच्या बाळाच्या लसी. मंगळवारी सकाळी दहा वाजून एका सेकंदानं साठा ठरवणार, की ही माणसं नव्हतीच. आणि साठा रागावून ठरवणार नव्हता. त्याला त्याचं काही वाटणारच नव्हतं.

“जनरेटर आणतो,” नाना म्हणाले. “मंडपवाल्या दुस्साकडं आहे. डब्यांचे सप्लाय मी शेडच्या लाइनसाठी बदललेत, घरच्या प्लगला तसेच चालणार नाहीत, एकेक बदलायला दिवस जातो. चार दिवस चालवू. एकदा हे निभावलं, की हळूहळू एकेक डबा घरच्या लाइनवर घेऊ. कुणाला कळायचं कारण नाही.”

श्रीजाला एवढं हलकं वाटलं, की ती तिथल्या सुताच्या पोत्यावरच बसली. अर्थात, जनरेटर. नाना आहेत म्हटल्यावर काहीतरी निघणारच होतं.

शनिवारी दुपारपर्यंत अव्वाची पाच वर्षं परत आली. श्रीजानं रकाना उघडून खात्री केली. ‘न चालणारी औषधं’मध्ये ते नाव होतं. संध्याकाळी हातगाड्यावरून जनरेटर आला आणि चौदा वायरी त्याला जोडल्या.

*

रविवारी सकाळी जनरेटर चालवून बघितला. डब्यावरचा हिरवा दिवा हलला नाही. अम्मानं सगळ्यांना उप्पीट दिलं, नानांनी दोनदा मागून घेतलं, आणि श्रीजा टॅब घेऊन उगीचच पूर्व भागाचा नकाशा बघत बसली. डबामित्राला फक्त आपलीच गल्ली उघडता येते, पण नकाशा सगळ्यांचा दिसतो. त्यात बुधवारची दुपार पुन्हा लावून बघता येत होती. तिनं बोटानं वेळ मागं सरकवली. अकरा पन्नासला त्यांची गल्ली काळी झाली.

तिच्याबरोबर शेजारची दोन्ही टोकंही काळी झाली होती. दुसऱ्या गल्ल्या, दुसऱ्या शेडा.

“नाना, तुम्ही बाकीच्या जॉबरांना शेडच्या वायरीचं सांगितलेलं का?”

उप्पिटाचा घास नानांच्या हातातच राहिला.

त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. श्रीजा समोर बसून ऐकत होती. पहिला फोन सिद्राम म्याकलला. “हो की मास्तर, तुम्हीच शिकवलं ट्रेनिंगला, डबा टिकवायचा तर शेडला जोड म्हणून. सगळं एकाच शेडला आहे आमचं. का हो?” दुसरा, तिसरा, नववा. प्रत्येकजण आदरानं बोलत होता. प्रत्येकाच्या आवाजात मास्तरांची युक्ती आपण नीट पाळल्याचं समाधान होतं. एकोणीस गल्ल्या, एकोणीस शेडा, आणि सगळ्या शेडा त्याच एका फीडरवर. माणसं अकरा हजार तीनशे.

ओळखीच्यांकडं जनरेटर आणखी चारच होते. त्यातले दोन लग्नाला गेलेले.

“मॅडमना कळवलं तर एकोणीस जणांच्या पोटावर पाय येईल मास्तर,” सिद्राम दुसऱ्या फोनवर म्हणाला. तोवर त्यांचं आपसात बोलणं झालेलं दिसत होतं. “आणि पहिली सही तुमची निघंल. वरिष्ठ म्हणून सगळ्या फॉर्मांवर तुम्हीच तपासलं लिहिलंय. गप बसू. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. लोकांची फाइल गेली तर नवी होईल की.”

नानांनी फोन ठेवला आणि मार्कंडेयाच्या फोटोकडे बघत बसले.

श्रीजानं गच्चीवर जाऊन केळुसकर मॅडमना मेसेज टाकला. समजा, मीटर नंबर चुकीचे होते आणि ते कुणी दुरुस्त केले, तर साठा काय करतो? दोन मिनिटांत उत्तर आलं. तिन्ही प्रती एकाच मीटरवर आहेत असं दिसताक्षणी साठा त्या आपोआप दुसऱ्या भागात हलवायला लागतो. पूर्व भागाच्या लाइनवरून तासाला सहाशे माणसं. जुनी सही कुणाची होती, तेही लगेच मुख्य यादीत लागतं. छान प्रश्न. मग खाली आणखी एक ओळ आली. का विचारतेस?

उत्तराआधी तिनं हिशोब मांडला. अकरा हजार तीनशे भागिले सहाशे. एकोणीस तासांना जरा कमी. आणि आत्ता दुपारचे बारा वाजले होते. उद्या सकाळी दहापर्यंत बावीस तास. हातात जेमतेम तीन तास जास्तीचे, आणि एकोणीस शेडांना स्वतः जाऊन मीटरचा फोटो काढायचा होता. जितका उशीर होईल, तितकी माणसं मागं राहणार होती. ती ओळखीची होती. त्यात भाग्यश्रीची आत्या होती, तिचा पेसमेकर गेल्याच दिवाळीत बसवलेला.

गच्चीवरून पूर्व भाग दिसत होता, पत्र्यामागं पत्रा. प्रत्येक पत्र्यावरून काळ्या वायरी निघत होत्या आणि आत शिरत होत्या. रविवार असूनही माग चालू होते. सोमवारच्या आधी माल काढायची घाई. सगळं एका सुरात खडखडत होतं आणि कुणालाही काही माहीत नव्हतं.

तिनं भाग्यश्री आणि तरन्नुमला फोन केला. दोघींनी काही विचारलं नाही. डबामित्राला फक्त आपलीच गल्ली उघडते ही अडचण तरन्नुमच्याच लक्षात आली, आणि तोडही तिनंच काढली. शाळेत पूर्व भागातले आणखी अठरा डबामित्र होते. ती त्यांच्या घरांची यादी करायला बसली. भाग्यश्री सायकलीत हवा भरायला गेली.

श्रीजा खाली आली. नाना तसेच बसले होते. अम्मानं ताटं आवरली नव्हती.

“काय ठरवलंस?” अम्मानं विचारलं. पोरीच्या चेहऱ्यावरून तिला नेहमी आधी कळायचं.

“अम्मा, आधी मला बोलू दे.”

“तुझ्या नानांचं काय होईल, माहीत आहे ना? चार वर्षं मी बघितलंय त्यांना. सकाळी उठून शर्ट घालून बसायचे आणि कुठं जायचं नसायचं. परत ते बघायचं नाही मला.” अम्माचा आवाज वर चढला नाही. “लोकांची फाइल नवी होते, श्रीजा. माणूस नवा नाही होत.”

“तेच तर सांगलालेय मी.”

नानांनी मान वर केली. “मी करतो,” ते म्हणाले. “तू नको पडूस त्यात. मी स्वतः टाकतो नंबर. जरा सुचू दे मला. संध्याकाळपर्यंत.”

श्रीजानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं. संध्याकाळपर्यंत म्हणजे सहा तास. सहा तासांतले तीन जास्तीचे. उरलेले तीन तास गुणिले सहाशे. अठराशे माणसं, नानांना सुचेपर्यंत. तिला नानांचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांचे हात मांडीवर होते आणि माग आणि डबे दुरुस्त करणाऱ्या त्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं. तिनं टॅब उचलला, आणि मग तिचा नेहमीचा आवाज निघाला.

“संध्याकाळपर्यंत नाही थांबत मी. आपल्या गल्लीचा खरा नंबर, गड्डम शेडच्या मीटरचा, मी आत्ता टाकणार आहे, नाना, तुमच्यासमोर. मग आम्ही तिघी बाकीच्या अठरा गल्ल्यांत जाणार. म्याकल काकांनी दार उघडलं नाही, तर बाहेर उभी राहून सगळ्या गल्लीला ओरडून सांगेन, फाइल कुणाकुणाची आहे ते. मॅडमनी विचारलंय, का म्हणून. त्यांना लिहिणारेय, की फॉर्मवर माझ्या वडलांची सही आहे, आणि वायर कुठून येते ते मला लहानपणापासून दिसत होतं. तुम्हाला यायचं असेल तर चला, तुमच्याशिवाय शेडवाले लवकर आत सोडणार नाहीत. नसेल यायचं तरी मी जाणार आहे.”